सलग नऊ मिनिटं

"पुढचा सीझन शेवटचा. एकशे तीस भागांचा नाही, फक्त सहा भागांचा. आणि भाग वीस मिनिटांचा नाही, पन्नास मिनिटांचा," असं वाहिनीच्या बाईंनी जाहीर केलं आणि मीटिंगच्या खोलीत टाळ्या पडल्या. लेखकाने तर डोळे मिटून खुर्चीत अंग सोडून दिलं. तीन वर्षं रोज वीस मिनिटांचं दळण दळून त्या बिचाऱ्याच्या डोक्याचा भुगा झाला होता. एकशे तीस भागांत माणूस बदलत नाही, फक्त कपडे बदलतो, असं तो नेहमी म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं.

टेबलाच्या टोकाला बसलेल्या संकलक बाईंनीही टाळ्या वाजवल्या, पण त्यांना धास्तीच वाटली. युनिटमध्ये सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठा असलेला भाऊ मात्र अजूनही बारकी म्हणे, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी केस पांढरे झाले तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. आपणही तेच वापरू, कारण ही गोष्ट त्या दोघांचीच आहे.

हा भाऊ, तिचा दादा, समोरच बसला होता. मालिकेतले आजोबा म्हणजे दादा. त्याने उठून नव्या दिग्दर्शिकेचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "वा! आता जरा नाटकासारखं काम करायला मिळेल. तीन वर्षं नुसतं 'हो', 'नाही' आणि 'अगं पण ऐक' एवढंच बोलतोय मी."

सगळे हसले. बारकीही हसली.

दिग्दर्शिका तरुण होती, चष्मा लावायची आणि कधी आवाज चढवायची नाही. न ओरडणाऱ्या माणसाला नाही म्हणणं फार अवघड असतं. तिने शांतपणे समजावून सांगितलं, "रोजच्या मालिकेत सोमवारी सांगितलेलं मंगळवारी परत सांगावं लागतं, कारण बघणारा विसरतो. मंगळवारी ज्याने बघितलं नाही त्याच्यासाठी बुधवारी परत. आता आपण एकदाच सांगायचं. माणूस बोलता बोलता विचार करतो, थांबतो, पुन्हा बोलतो, ते सगळं न कापता दाखवायचं. ताई, या सीझनला तुम्हाला काम फार कमी आहे बरं का."

"बरंच झालं," बारकी म्हणाली.

तिला का भीती वाटत होती ते आता सांगून टाकलेलं बरं. दादाला आठवत नव्हतं. नाटकाच्या दिवसांत त्याला एकपाठी म्हणत, एकदा वाचलं की पाठ, अशी ख्याती. तोच दादा अडीच वर्षांपूर्वी, पहिल्या सीझनच्या शेवटाला, सेटवर उभा राहून मालिकेतल्या नातीचं नाव विसरला. नुसता विसरला असता तर काही नव्हतं. रोजच्या मालिकेत कुणाला काय आठवतं? सकाळी लिहिलेलं दुपारी बोलायचं, त्यामुळे कॅमेऱ्यामागे एक माणूस वाक्यं वाचून दाखवायला उभाच असतो. त्याला सगळे पोपट म्हणत. पोपटाने एक वाक्य म्हणायचं, नटाने ते उचलायचं, आणि पोपटाचा आवाज नंतर बारकीने कापून टाकायचा. पण त्या दिवशी पोपटाने नाव तीनदा सांगितलं आणि दादा तीनही वेळा ते तोंडात धरून पुढच्या क्षणी हरवून बसला.

संकलनाच्या खोलीत बारकीने ते चित्रीकरण दोनदा मागे नेऊन पाहिलं. मग तिने जे केलं ते कुठल्याही संकलकाने केलं असतं. जुन्या एका भागात दादाने ते नाव छान मायेने घेतलं होतं. तेवढाच आवाज तिने उचलला, नातीच्या चेहऱ्यावर ठेवला, आणि भाग जोडून दिला. एकदाच, असं ती स्वतःला म्हणाली.

एकदाच कसलं! वर्षभरात तिच्या संगणकावर एक फोल्डर तयार झाला. नाव दिलं होतं 'सुटे शब्द'. त्यात दादाचे हजारावर शब्द होते, एकेक वेगळा कापून ठेवलेला. सुनेला रागावून मारलेली हाक, सुनेला लाडाने मारलेली हाक, 'हो'चे चाळीस प्रकार, 'आलो', 'थांब', 'देव जाणे', दीर्घ श्वास, खोकला. दादा जिथे अडकायचा तिथे बारकी कॅमेरा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर न्यायची आणि फोल्डरातला दादा बोलायचा. रोजच्या मालिकेला हे शोभूनही दिसे. तिथे कुणी 'मी जाते' म्हणालं तरी सात जणांचे चेहरे दाखवायची पद्धत. तीन सेकंदांच्या वर एक चेहरा टिकला तर वाहिनी विचारायची, काही बिघडलंय का? त्या तीन-तीन सेकंदांच्या आडोशाला बारकीने आपल्या भावाला अडीच वर्षं लपवून ठेवलं. सेटवरचे लोक त्याचं अडखळणं वयावर आणि दगदगीवर ढकलत.

लोकांपासून लपवलं ते ठीक होतं. पण ती दादापासूनही लपवत होती, आणि हे तिच्या ध्यानात यायला उशीर झाला.

दोघं एकाच घरात राहत. बारकीने लग्न केलं नव्हतं, वहिनी जाऊन सात वर्षं झाली होती. संध्याकाळी सातला दादा टीव्हीसमोर बसायचा, स्वतःचं काम बघायला. सीझन नसेल तेव्हा जुने भाग पुन्हा लागत, तेही बघायचा. नटाला ही खोड असतेच. पण दादाची खोड हळूहळू औषधासारखी झाली. घरात त्याला चष्मा सापडत नसे, दोनदा तो वरच्या मजल्यावरच्या घराचं कुलूप आपल्या किल्लीने उघडत बसला होता, एकदा चहाचं भांडं जळून काळं पडेपर्यंत तो शेजारी उभा होता. त्या भांड्याच्या दिवशी बारकीने हिय्या करून म्हटलं होतं, "दादा, एकदा डॉक्टरांना दाखवू या का? विसरायला होतंय तुला."

"विसरायला सगळ्यांनाच होतं."

"थोडं जास्त होतंय."

त्याने रिमोटने आवाज वाढवला. पडद्यावरचे आजोबा मुलाला चांगलं खडसावत होते, एकेक वाक्य कसं टाचणी टोचावी तसं. "मग हा कोण बसलाय इथे?" दादा म्हणाला. "याला काही झाल्यासारखं वाटतंय? भांडं काय, कुणाचंही जळतं."

त्या खडसावण्यातली अकरा वाक्यं बारकीने चार वेगवेगळ्या भागांतून वेचून जोडली होती. ती उठून भांडं घासायला गेली आणि नळ मोठा सोडून रडली.

आता तीन सेकंदांचा आडोसाच जाणार होता. पोपटालाही सुट्टी मिळाली होती. माणसाने कानाने ऐकून बोललेलं डोळ्यांत दिसतं, असं दिग्दर्शिकेचं म्हणणं. रोजची मालिका विसराळू माणसांसाठीच बांधलेली असते, बघणाऱ्या आणि करणाऱ्याही, हे बारकीला आता कळत होतं. सहा भागांच्या मालिकेत सगळ्यांनी सगळं लक्षात ठेवायचं असतं.

सोमवारी संहितेचं वाचन झालं. दादा कागद हातात असला की अजूनही वाघ होता. आजोबा स्वयंपाकघरात सुनेला सांगतात की हे घर मी मुलाच्या नाही, तुझ्या नावावर करतोय, आणि का ते सांगता सांगता स्वतःच्या आयुष्याची सगळी चूक कबूल करतात, असा पाच मिनिटांचा प्रवेश होता. दादाने तो असा वाचला की चहा घेऊन आलेला माणूस ट्रे धरून तसाच उभा राहिला. दिग्दर्शिकेने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "सर, याच्या पुढचा प्रवेशही यालाच जोडते. नऊ मिनिटं होतील. एक कॅमेरा, एक शॉट, मध्ये कुठेच कापायचं नाही. गुरुवारी आपण यानेच सुरुवात करू. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" दादा म्हणाला. "अडीच तासांचं नाटक एका दमात करत आलोय मी."

सगळे त्याच्याकडे कौतुकाने बघत होते. बारकीला वाटलं, आपण आत्ता इथेच ओरडू. पण तिने आपल्या वहीत 'नऊ मिनिटं' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली. ती रेघ वाकडी आली.

त्या संध्याकाळी तिने दादाकडून पाठांतर म्हणून घेतलं. संहिता हातात धरून ती सोफ्यावर बसली, दादा खोलीत येरझारा घालत बोलू लागला. पहिलं पान बिनचूक. दुसरं पानही जवळजवळ बिनचूक. तिचा श्वास जरा मोकळा होतोय तोच दादा खिडकीपाशी वळला आणि पुन्हा पहिल्या पानाच्या पहिल्या वाक्याला आला. तोच सूर, तोच हात पुढे करणं. दुसऱ्या पानाच्या शेवटी पुन्हा वळला, पुन्हा पहिलं वाक्य. तीन वेळा. तिसऱ्यांदा तो थांबला, घाम पुसला आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाला, "झालं. नऊ मिनिटं बसली की नाही बरोबर?"

बारकीने घड्याळ पाहिलं. खरोखरच नऊ मिनिटं झाली होती.

"बसली," ती म्हणाली.

मंगळवारी ती दिग्दर्शिकेच्या खोलीत गेली. सगळं सांगून टाकायचं असं ठरवून गेली होती. पण दारात पाय ठेवल्यावर तिला दिसायला लागलं की आपण सांगितल्यावर काय होईल. ही बाई भली आहे, ती हळहळेल. मग निर्मात्याला सांगेल, तो वाहिनीला सांगेल, संध्याकाळपर्यंत मेकअपच्या खोलीत कुजबुज होईल, आणि दादाला आपल्या आजाराची बातमी कुठल्यातरी तिऱ्हाइताकडून कळेल. कदाचित पोपटाकडून. त्या विचारासरशी तिने दुसरंच विचारलं.

"तो नऊ मिनिटांचा शॉट," ती म्हणाली, "तीन तुकड्यांत घेतला तर? मी जोड दिसू देणार नाही."

"माहितीये ताई. तुमचा जोड कुणालाच दिसत नाही," दिग्दर्शिका हसून म्हणाली. "पण मला तो नकोच आहे. सरांना तीन वर्षं आपण तुकड्यातुकड्यांत वाया घालवलं. एवढा मोठा नट! एकदा तरी अख्खा बघू दे लोकांना."

"निदान कानात छोटं यंत्र ठेवू. वयाने कधीतरी एखादं वाक्य..."

"त्यांना चालेल का? विचारा तुम्ही."

बारकीने घरी विचारलं. दादाने ताटावरून मान वर केली आणि तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने त्याच्या तोंडात मारली होती. "कानात यंत्र? मला? बारके, शुद्धीवर आहेस ना?" मग तो जेवला नाही. अर्ध्या तासाने तो पुन्हा ताटावर येऊन बसला आणि आपण का उठलो होतो ते त्याला आठवत नव्हतं. तिने पुन्हा वाढलं.

बुधवारी दुपारी, चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी, तिने दादाला संकलनाच्या खोलीत बोलावलं. याहून वाईट काही करावं लागेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. नऊ मिनिटं तीस माणसांसमोर तो गोल गोल फिरत राहील आणि शेवटी त्यांचे चेहरे पाहून त्याला कळेल. त्यापेक्षा इथे, दार लावून, आपल्या तोंडून कळावं. खोली लहान होती, दोन खुर्च्या, दोन पडदे, भिंतींना आवाज शोषणारा राखाडी फोम. दादा तिथे फारसा कधी आला नव्हता. नटाने स्वयंपाकघरात डोकावू नये, असं तो गमतीने म्हणत असे.

"काय दाखवतेस? नव्या सीझनची जाहिरात?"

"नाही. बस."

तिने उजव्या पडद्यावर प्रक्षेपित झालेला भाग लावला, मुलाला खडसावण्याचाच. डाव्या पडद्यावर त्याच दिवसाचं मूळ चित्रीकरण. आधी उजवा दाखवला. दादा मान डोलवत होता. मग डावा.

डाव्या पडद्यावर दादा बोलायला सुरुवात करतो आणि थांबतो. पोपटाचा आवाज येतो. दादा अर्धं वाक्य म्हणतो, पुन्हा थांबतो, हातातल्या काठीकडे बघतो. पोपट पुन्हा वाचतो. दादा म्हणतो, "कोण?" पोपट सांगतो, "तुमचा मुलगा, सर. मुलाला बोलताय." दादा समोरच्या नटाकडे बघतो आणि हसतो, अनोळखी माणसाकडे बघून सभ्य माणूस हसतो तसा.

"पोपटाला फार घाई," दादा म्हणाला. "त्या दिवशी ताप असेल मला."

बारकीने दुसरं चित्रीकरण लावलं. मग तिसरं, चौथं. वेगवेगळे दिवस, वेगवेगळे कपडे. तिला थांबावंसं वाटत होतं, पण थांबलं तर पुन्हा सुरू करण्याची हिंमत उरणार नाही हेही माहीत होतं. पाचव्याला दादाने पुढे होऊन माऊस आपल्या हाताखाली घेतला. पडद्याच्या कोपऱ्यातला फोल्डर त्याला दिसला होता. त्याने तो उघडला. ओळीने नावं: 'हो-रागाने-३', 'नात-हाक-७', 'सून-माया-२', 'श्वास-मोठा'. त्याने एकावर टिचकी मारली. त्याचाच आवाज खोलीत आला, "हो." दुसऱ्यावर. "हो." मग नातीच्या हाका, एकामागून एक, चौदा वेळा. तो सगळ्या ऐकत होता.

फोमच्या खोलीत आवाज संपला की काहीच उरत नाही.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"अडीच वर्षं."

"म्हणजे सात वाजता मी रोज बघतो तो..."

"तू आहेस तो. तुझेच शब्द आहेत सगळे. मी फक्त जोडले."

"बारके," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम म्हातारा झाला, "मी त्याच्याकडे बघून ठरवत होतो की मी बरा आहे. माझं डोकं ठिकाणावर नाही असं रोज वाटायचं मला. कुणाला सांगणार? मग सात वाजता हा दिसायचा, घडाघडा बोलणारा. मी म्हणायचो, चला, आहे अजून शाबूत. तू मला डॉक्टरकडे जाऊ दिलं नाहीस गं."

तिने विचारलं होतं डॉक्टरांचं. पण तेव्हा समोर पडद्यावर तिनेच जोडलेला माणूस बसवलेला होता. "मी घाबरले होते," एवढंच ती म्हणाली.

"माझी नोकरी जाईल म्हणून?"

"नाही. तुझं तोंड असं होईल म्हणून. आत्ता झालंय तसं."

दादाने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. त्याचे खांदे हलत होते. तीस-चाळीस वर्षांत तिने त्याला रंगमंचावर शेकडो वेळा रडताना पाहिलं होतं, आणि खरं रडणं असं अजिबात नसतं हे तिला त्या दुपारी समजलं. खरं रडणं बघवत नाही.

मग त्याने रुमालाने तोंड पुसलं. "उद्या मीच सांगतो त्या पोरीला," तो म्हणाला. "माझ्या तोंडून. तू मध्ये बोलायचं नाहीस. आणि मग तिथूनच डॉक्टरकडे जाऊ. चालेल?"

"चालेल."

"आणि तो फोल्डर पुसू नकोस. मला कधी लागले तर माझे शब्द कुठे मिळायचे?"

हे म्हणताना तो थोडा हसलाही. बारकीच्या डोक्यावरून केवढं ओझं उतरलं! घरी जाताना दोघं पायीच गेले, त्याने तिचा दंड धरला होता. संध्याकाळी सातला टीव्ही लागला नाही. दोघांनी लवकर जेवून घेतलं, लहानपणीच्या मास्तरांच्या नकला केल्या, आणि बारकी कितीतरी दिवसांनी पडल्या पडल्या झोपली.

सकाळी न्यायला गाडी आठ वाजता येणार होती. साडेसातला बारकी खोलीतून बाहेर आली तर दादा तयार होऊन बसला होता. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, बूट घातलेले. सांगायला जायचं आहे, म्हणून मुद्दाम नीट आवरलंय, असं तिला वाटलं आणि तिचा ऊर भरून आला.

मग तिला त्याच्या मांडीवरची संहिता दिसली. पहिलं पान उघडं होतं आणि त्याचे ओठ हलत होते.

"उठलीस?" तो म्हणाला. "चहा घे पटकन, गाडी येईल. नऊ मिनिटं सलग! कधीपासून वाट बघतोय मी अशा कामाची. आज दाखवतो त्या पोरीला."

बारकी दाराची चौकट धरून उभी राहिली. "दादा," ती म्हणाली, "काल दुपारी आपण कुठे होतो?"

"काल?" तो आठवू लागला. "घरीच की. पाठांतर करत होतो ना? तूच तर संहिता धरून बसली होतीस." त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "का गं? काही झालं का काल?"

काहीच उरलं नव्हतं. ते पडदे, तो फोल्डर, त्या चौदा हाका, रडणं, शहाणपणाने घेतलेला निर्णय, सगळं एका झोपेत पुसलं गेलं होतं. खाली रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. दादा उठला, संहिता काखेत घेतली, आणि मग दोन पावलांवर थांबला. त्याने तळहात छातीवर ठेवला.

"एक सांगू?" तो हळू आवाजात म्हणाला. "सकाळपासून मला भीती वाटतेय. जाग आली तीच दचकून. छातीत नुसतं धडधडतंय. काहीतरी फार वाईट कळलंय आणि ते काय, तेवढंच आठवत नाहीये, असं वाटतंय. तुला काही माहितीये?"

तिच्या जिभेवर उत्तर तयार होतं. अरे, पहिल्या दिवशी तुला नेहमीच असं होतं. किती सोपं वाक्य, कुठेही चपखल बसणारं. ते म्हटलं की त्याचा चेहरा सैल पडला असता, तो गाडीत बसला असता, आणि पुढचं पुढे.

तिने खिडकीतून हात हलवून गाडीवाल्याला थांबायची खूण केली. मग फोन उचलून दिग्दर्शिकेला सांगितलं, "आज शॉट होणार नाही. सर येणार नाहीत. मी दुपारी येऊन सगळं सांगते, सगळं म्हणजे सगळं." तिकडून प्रश्न आला, तो पुरता ऐकायच्या आतच तिने फोन ठेवला.

दादा गोंधळून बघत होता. "हे काय चाललंय? का येणार नाही मी?"

"बस जरा," ती म्हणाली. स्वतः त्याच्या समोरची खुर्ची ओढून बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. काल हा चेहरा कसा कोसळला होता ते तिने पाहिलं होतं. आता तो पहिल्यापासून कोसळणार होता, आणि उद्या सकाळी कदाचित पुन्हा. तिचे दात वाजायला लागले. तिने जबडा आवळून धरला, पण थरथर काही थांबेना.

दादाने संहिता बाजूला ठेवली, पुढे वाकून तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि चोळून गरम करू लागला.

"अगं, बोल ना," तो म्हणाला. "एवढी घाबरतेस काय? मी आहे ना."